फॉर्मल्डिहाइडची पॅच टेस्ट: आधी थेंब मोजा, मग लाली वाचा

प्रश्न असा आहे: पॅच टेस्टच्या (पाठीवर पदार्थ चिकटवून त्वचेची अ‍ॅलर्जी शोधायच्या चाचणीच्या) मूळ मालिकेत, म्हणजे सर्वांना लावायच्या ठरावीक पदार्थांत, फॉर्मल्डिहाइड 1 टक्क्याऐवजी 2 टक्के वापरायला लागल्यापासून त्या जागी जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या रुग्णाला लाली दिसते. 48 तासांनी पट्ट्या काढल्या की काही ना काही असतेच. 96 तासांनी काहींचे टिकते, काहींचे जाते. शेजारच्या क्वाटर्नियम-15, इमिडाझोलिडिनिल यूरिया या रिलीजरच्या, म्हणजे फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या संरक्षकांच्या, जागा मात्र बहुतेकदा कोऱ्या असतात. यातली खरी अ‍ॅलर्जी कोणती, परत 1 टक्क्यावर जावे का, आणि रुग्णाला नेमके काय टाळायला सांगावे?

1 टक्क्यावर परत जाऊ नका. 2 टक्के हे प्रमाण युरोपीय मूळ मालिकेत 2014 मध्ये आले, कारण 1 टक्क्याच्या द्रावणात खऱ्या अ‍ॅलर्जीचे बरेच रुग्ण निसटत होते. शिवाय मोजून घातलेले 2 टक्क्यांचे द्रावण त्वचेला फारसा जास्त त्रास देत नाही, हेही तपासले गेले होते. यातला ‘मोजून घातलेले’ हा शब्द महत्त्वाचा. पॅच टेस्टसाठी येणाऱ्या रुग्णांत फॉर्मल्डिहाइडची अ‍ॅलर्जी युरोपात साधारण 2 ते 3 टक्के आणि अमेरिकेत 8 ते 9 टक्के इतकी आढळत आली आहे. तुमच्याकडे तेहतीस टक्के येत असतील तर पहिला संशय ड्रॉपरवर घ्या.

हिशेब साधा आहे. 2 टक्के द्रावणाच्या एका मायक्रोलिटरमध्ये 0.02 मिलिग्रॅम फॉर्मल्डिहाइड असते. 8 मिलिमीटर व्यासाच्या गोल चेंबरचे (पट्टीवरच्या, पदार्थ भरायच्या उथळ वाटीचे) क्षेत्रफळ जवळपास 0.5 चौरस सेंटिमीटर. त्यात मायक्रोपिपेटने 15 मायक्रोलिटर घातले की 0.3 मिलिग्रॅम, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 0.6 मिलिग्रॅम एवढा डोस बसतो. 2 टक्के म्हणताना खरा अभिप्रेत डोस हाच. आता ड्रॉपरचा एक थेंब पाहा. बाटली कशी धरली, नळीचे तोंड केवढे आहे यावर तो बदलतो, पण 40 ते 50 मायक्रोलिटरचा थेंब सहज पडतो. म्हणजे तिप्पट डोस. त्यातला काही भाग कागदाच्या चकतीत मावत नाही, पट्टी दाबताच कडेने बाहेर येतो, चिकटपट्टीखाली पसरतो आणि शेजारच्या चेंबरपर्यंतही जातो. मग कडेला गोलसर लालसर कडी दिसते, शेजारच्या जागेवर न उमजणारी लाली दिसते, आणि दोष 2 टक्क्यांना दिला जातो. पूर्वी तोच थेंब 1 टक्क्याचा होता, त्यामुळे चूक झाकली जात होती, एवढेच.

तेव्हा सर्वांत आधी मायक्रोपिपेट घ्या. चौकोनी किंवा वेगळ्या मापाचे चेंबर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला 30 मायक्रोलिटर धरा, 0.64 चौरस सेंटिमीटरच्या चेंबरला साधारण 20 मायक्रोलिटर लागतील. गोल धातूच्या चेंबरमध्ये फिल्टर पेपरची चकती सपाट बसली आहे ना ते बघा. चकती एका बाजूला सरकली तर द्रावण तिथेच साचते आणि जागेच्या अर्ध्याच भागावर तीव्र लाली येते. चकतीच नसेल तर द्रव चेंबरच्या काठाशी गोळा होतो. पेट्रोलॅटममधल्या (व्हॅसलीनसारख्या मलमात मिसळलेल्या) पदार्थांसाठी त्याच 8 मिलिमीटर चेंबरमध्ये 20 मिलिग्रॅम, म्हणजे सिरिंजमधून येणारी सुमारे 5 मिलिमीटर लांबीची वळी, पुरे होते.

दुसरी चूक बाटलीवरच्या नावाची, आणि ती जास्त धोक्याची. फॉर्मॅलिन आणि फॉर्मल्डिहाइड एक नव्हेत. बाजारातले फॉर्मॅलिन म्हणजे वजनाने सुमारे 37 टक्के फॉर्मल्डिहाइड वायू विरघळलेले पाणी, त्यात घट्ट साका बसू नये म्हणून बहुधा 10 ते 15 टक्के मिथेनॉल. कोणी ‘1 टक्का फॉर्मॅलिन’ तयार केले तर त्यात फॉर्मल्डिहाइड 0.4 टक्क्यांच्या आसपासच असते, आणि अशा टेस्टने अ‍ॅलर्जी हमखास निसटते. उलट पॅथॉलॉजीत नमुने ठेवायचे ‘10 टक्के फॉर्मॅलिन’ म्हणजे जवळपास 4 टक्के फॉर्मल्डिहाइड, टेस्टच्या दुप्पट. रुग्ण प्रयोगशाळेत काम करतो म्हणून तिथलेच द्रावण आणून पाठीवर लावणे हा शुद्ध धोका आहे. भाजल्यासारखी जखम होईल आणि तिच्यावरून अ‍ॅलर्जीबद्दल काहीही कळणार नाही.

द्रावण घरी बनवण्यापेक्षा पॅच टेस्टसाठी प्रमाणित केलेले तयार द्रावण घ्यावे, हे माझे ठाम मत. हिशेबाने 37 टक्के फॉर्मॅलिनचे 5 मिलिलिटर पाण्याने 100 मिलिलिटरपर्यंत नेले की 2 टक्के होतात. पण हा हिशेब फॉर्मॅलिन ताजे आणि खरोखर 37 टक्के असेल तेव्हाचा. थंडीत ठेवलेल्या जुन्या बाटलीत पांढरा साका बसतो. ते पॅराफॉर्मल्डिहाइड, म्हणजे साखळी बनून खाली बसलेले फॉर्मल्डिहाइड. वरच्या पाण्यात मग किती उरले ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही. तयार द्रावणाची बाटलीसुद्धा घट्ट झाकणाची, गडद रंगाची, फ्रिजमध्ये ठेवलेली आणि मुदतीतली हवी.

चेंबर भरण्याची वेळही तितकीच महत्त्वाची. पेट्रोलॅटममधले टिकाऊ पदार्थ थोडे आधी भरून ठेवले तरी चालतात. फॉर्मल्डिहाइड उडून जाणारे आहे आणि ते पाण्यात आहे, म्हणून ते सर्वांत शेवटी, रुग्ण पाठ उघडी करून बसल्यावर घाला. सकाळी सगळ्या पट्ट्या भरून दुपारी लावायची सवय असेल, तर सकाळच्या पहिल्या आणि दुपारच्या शेवटच्या रुग्णाला मिळणारा डोस सारखा नसतो. भरताना नायट्राइलचे हातमोजे घाला आणि हवा खेळती असू द्या. हे काम रोज करणाऱ्या सहायकालाच ही अ‍ॅलर्जी जडू नये.

रुग्णाच्या तयारीबद्दल थोडक्यात. पाठीवर पुरळ नसावे, गेले सात दिवस तिथे स्टेरॉइडचे मलम लागलेले नसावे, अलीकडे पाठ उन्हात भाजलेली नसावी. तोंडाने घेतलेले प्रेडनिसोलोन दिवसाला 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर खऱ्या प्रतिक्रिया दबतात. खाज कमी करणाऱ्या अँटिहिस्टामिन गोळ्या थांबवायची गरज नाही, कारण ही प्रतिक्रिया टी पेशींची आहे, हिस्टामिनची नव्हे. गर्भारपणात टेस्ट पुढे ढकलावी. इसब अंगभर चिघळलेले असताना तर मुळीच करू नये. तेव्हा पाठ इतकी चिडलेली असते की खऱ्या-खोट्या अनेक जागा एकदम उठतात. तुमच्या ‘प्रत्येक तिसऱ्या’ रुग्णांत असे किती होते ते नोंदवह्या काढून पाहा. ज्या पाठीवर पाच-सात जागा उठल्या आहेत, तिथल्या फॉर्मल्डिहाइडच्या एका फिकट प्लसवर (सौम्य पॉझिटिव्ह खुणेवर) विसंबू नका. इसब शांत झाल्यावर काही आठवड्यांनी ती एकच टेस्ट पुन्हा करा.

आता वाचनाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे.

पट्ट्या 48 तास ठेवायच्या. काढल्यावर जागा लगेच मार्करने खुणावून घ्या आणि निदान पंधरा मिनिटे, शक्य तर अर्धा तास थांबा. चिकटपट्टी ओढल्याची आणि चेंबर दाबल्याची लाली तेवढ्यात उतरते. युरोपियन सोसायटी ऑफ कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या 2015 च्या मार्गदर्शिकेत वाचनाचे तीन दिवस सांगितले आहेत: दुसरा, तिसरा किंवा चौथा, आणि सातवा. फॉर्मल्डिहाइडच्या बाबतीत दुसऱ्या दिवसाच्या वाचनाला एकट्याने काहीही किंमत देऊ नका. फॉर्मल्डिहाइड मुळात पेशींना इजा करणारे रसायन आहे. ते प्रथिनांतल्या लायसिनसारख्या अमिनो आम्लांना चिकटते, आणि त्याच गुणामुळे ते अ‍ॅलर्जीही निर्माण करते व साधी जळजळही. 48 तासांनी या दोन्ही गोष्टी एकाच जागेवर एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या होतात पुढच्या दोन दिवसांत: जळजळ ओसरते, अ‍ॅलर्जी चढते.

प्रतवारीची चिन्हे सर्वांना पाठ असतात, पण फॉर्मल्डिहाइडच्या जागी ती घाईने वापरली जातात. नुसती फिकट लाली म्हणजे शंकास्पद, ?+. एक प्लस लिहायला लालीबरोबर त्वचा बोटाला भरीव लागली पाहिजे, कदाचित बारीक पुळ्याही. दोन प्लसमध्ये पाण्याचे बारीक फोड येतात. तीन प्लसमध्ये ते एकमेकांत मिसळतात, मोठा फोड होतो. एक प्लस आणि शंकास्पद यांच्यातला फरक डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त कळतो. डोळे मिटून तर्जनी जागेवरून आडवी फिरवा. कड लागली, उंचवटा लागला तर प्लस. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली जांभळट किंवा राखट दिसते, कधी दिसतच नाही. तिथे बोटच खरे, आणि दिवा बाजूने तिरका धरला तर पुळ्यांच्या सावल्या दिसतात. फोटो काढायचा तर तोही असाच तिरक्या उजेडात काढा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत एक प्लस सपाट दिसतो.

जळजळीची जागा बहुधा अशी असते: चेंबरच्या कडेशी रेघ ओढल्यासारखी थांबलेली, वर बारीक सुरकुत्या, चमकदार किंवा तपकिरी पडलेली, खाजेपेक्षा चुरचुर जास्त, आणि चौथ्या दिवशी दुसऱ्या दिवसापेक्षा कमी. अ‍ॅलर्जीची जागा खाजते, कडेबाहेर थोडी पसरते, चौथ्या दिवशी अधिक भरते आणि सातव्या दिवशीही बोटाला लागते. हे नियम नेहमीच चालतात असे नाही. सौम्य अ‍ॅलर्जीसुद्धा कधी कडेपाशी थांबते. म्हणून एका दिवसाच्या दिसण्यापेक्षा दोन दिवसांतला बदल लिहून ठेवायची सवय लावा. ‘दिवस 2: ?+, दिवस 4: +, दिवस 7: +’ अशी ओळ नुसत्या ‘पॉझिटिव्ह’पेक्षा पुढच्या डॉक्टरला कितीतरी जास्त सांगते. सातव्या दिवशी रुग्णाला बोलवायचे टाळले तर काही अ‍ॅलर्जी पूर्णपणे निसटतात. निओमायसिन आणि स्टेरॉइडच्या जागा उशिरा उठण्यासाठी प्रसिद्धच आहेत. फॉर्मल्डिहाइडसाठी सातव्या दिवसाचा उपयोग उलट बाजूनेही होतो: तोपर्यंत जळजळीच्या बहुतेक जागा पुसट झालेल्या असतात.

एवढे करूनही काही जागा चौथ्या दिवशी ?+ आणि एक प्लस यांच्यामध्ये अडकून राहतात. त्यांच्यासाठी दोन उपाय आहेत. पहिला सोपा: 2 टक्क्यांची टेस्ट पाठीच्या दोन्ही बाजूंना, दोन वेगळ्या चेंबरमध्ये पुन्हा लावा. एकीकडे उठली आणि दुसरीकडे नाही, तर ती विश्वासार्ह नाही. दुसरा जास्त कामाचा: उतरत्या प्रमाणांची माळ. 2, 1, 0.5, 0.25 आणि 0.1 टक्के, प्रत्येकी 15 मायक्रोलिटर. खरी अ‍ॅलर्जी असेल तर प्रतिक्रिया पायरी पायरीने उतरते. 2 टक्क्याला एक प्लस, 1 टक्क्याला फिकट प्लस, अर्ध्या टक्क्याला नुसती लाली असे. जळजळ मात्र 1 टक्क्यावरच एकदम नाहीशी होते. या माळेचा आणखी एक फायदा म्हणजे रुग्ण किती संवेदनशील आहे याचा अंदाज येतो. झाकून ठेवलेल्या टेस्टमध्ये काही रुग्णांनी 0.025 टक्के, म्हणजे 250 पीपीएमलाही (दहा लाखांत 250 भाग) प्रतिसाद दिल्याचे नोंदले गेले आहे. जो माणूस 0.1 टक्क्यालाही उठतो, त्याला ‘थोडेसे चालेल’ असे कधीही सांगू नये.

आता कोऱ्या राहणाऱ्या रिलीजरच्या जागांबद्दल. फॉर्मल्डिहाइड थेट घालण्याऐवजी प्रसाधनांत ते हळूहळू सोडणारी संरक्षके वापरली जातात: क्वाटर्नियम-15, डीएमडीएम हायडँटॉइन, डायझोलिडिनिल यूरिया, इमिडाझोलिडिनिल यूरिया, ब्रोनोपॉल, सोडियम हायड्रॉक्सिमिथिलग्लायसिनेट. टेस्टसाठी इमिडाझोलिडिनिल, डायझोलिडिनिल आणि डीएमडीएम 2 टक्के, क्वाटर्नियम-15 1 टक्का आणि ब्रोनोपॉल 0.5 टक्के या प्रमाणात वापरतात, बहुतेक पेट्रोलॅटममध्ये. कोरेपणाचे एक कारण इथेच आहे. रिलीजरमधून फॉर्मल्डिहाइड सुटायला पाणी लागते. किती सुटेल ते आम्लता, तापमान आणि वेळ यांवर ठरते. पेट्रोलॅटमच्या वळीत पाणी नाही. पाठीचा घाम आणि त्वचेतला ओलावा मिळेल तेवढेच. त्यामुळे त्या जागी सुटलेले फॉर्मल्डिहाइड शेजारच्या 2 टक्क्यांच्या तुलनेत बरेच कमी असू शकते. शांपूच्या बाटलीत मात्र तेच रसायन महिनोन् महिने पाण्यात राहते.

म्हणून फॉर्मल्डिहाइडला निश्चित प्लस आणि रिलीजरला कोरे, असा निकाल आला तर ‘रिलीजर चालतील’ असे लिहून देऊ नका. सर्व रिलीजर टाळायला सांगणे हाच सुरक्षित मार्ग आहे. क्वाटर्नियम-15 भरपूर फॉर्मल्डिहाइड सोडते, म्हणून त्याचा फॉर्मल्डिहाइडच्या प्रतिक्रियेशी संबंध सर्वांत घट्ट दिसतो. ब्रोनोपॉल तुलनेने कमी सोडते. ते टाळणे खरोखर अडचणीचे असेल तर आधी वापरून पाहण्याची चाचणी करता येते, ती पुढे सांगितली आहे. उलट निकालही येतो: फॉर्मल्डिहाइड कोरे आणि एकच रिलीजर प्लस. तेव्हा दोन शक्यता तपासा. एक तर अ‍ॅलर्जी त्या रिलीजरच्या मूळ रेणूचीच आहे, आणि मग इतर रिलीजर बंद करायची गरज नाही. किंवा फॉर्मल्डिहाइडचा डोसच कमी पडला: बाटली जुनी, चेंबर आधी भरून ठेवलेले, द्रावण 1 टक्क्याचे. ताज्या 2 टक्क्यांनी टेस्ट पुन्हा केल्याशिवाय पहिली शक्यता गृहीत धरू नका.

नावात फॉर्मल्डिहाइड आहे म्हणून एकाच टोपलीत टाकल्या जाणाऱ्या दोन रेझिनांबद्दलही सांगायला हवे. पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल फॉर्मल्डिहाइड रेझिन हे बूट, पट्टे यांच्या गोंदात असते. टोसिलअमाइड फॉर्मल्डिहाइड रेझिन नेलपॉलिशमध्ये. या दोघांची अ‍ॅलर्जी बहुतेकदा रेझिनाची स्वतःची असते, सुट्या फॉर्मल्डिहाइडची नव्हे. नेलपॉलिशमुळे पापण्या सुजलेल्या रुग्णाला शांपू बदलायला लावून उपयोग होत नाही.

चौथ्या-सातव्या दिवशी प्लस ठरला म्हणजे एवढेच कळले की शरीराला फॉर्मल्डिहाइड ओळखीचे आहे. सध्याचे इसब त्याच्यामुळे आहे की नाही, हे प्रश्न विचारून ठरते, आणि या कामाला पाठ वाचण्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. पुरळाची जागा पाहून सुरुवात करा. कानामागे, मानेच्या बाजूंना, गालांच्या कडेने उतरणारे पुरळ म्हणजे शांपूचे पाणी वाहते ती वाट. काखेच्या खोबणीत काही नाही आणि कडेला मात्र आहे, मांड्यांच्या आतल्या बाजूला, कमरेला आहे, तर कपडा. विशेषतः इस्त्री न लागणाऱ्या, सुरकुत्या न पडणाऱ्या सुती किंवा रेयॉन मिश्र कापडाला लावलेले रेझिन. पापण्या आणि चेहऱ्याचा उघडा भाग म्हणजे हवेतून येणारे: फॉर्मॅलिनची वाफ, केस सरळ करण्याची प्रक्रिया. या शेवटच्या प्रकारात लेबलवर मिथिलीन ग्लायकॉल लिहिलेले असते. ते पाण्यात विरघळलेले फॉर्मल्डिहाइडच आहे आणि गरम पट्टी फिरवली की वायू होऊन सुटते. हातांचे इसब असेल तर कामाची यादी लांब आहे. धातू कापताना वापरायच्या थंडाव्याच्या द्रवांत जंतुनाशक म्हणून रिलीजर असतात. द्रव साबण, रंग, पॉलिश, कातडी कमावणे, शवविच्छेदन, प्रयोगशाळा, प्लायवूड आणि लाकडाच्या भुश्याच्या फळ्यांचा गोंद, नखे कडक करणारे द्रव, पुसायचे ओले कागद (वेट वाइप्स), हे सगळे विचारा. ‘तुम्हाला फॉर्मॅलिनशी संबंध येतो का’ या एका प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण ‘नाही’ देतात. बाटल्या, डबे, हातमोजे, कामाच्या जागेवरच्या द्रवांची सुरक्षा-पत्रके घेऊन यायला सांगा.

लेबल वाचूनही सगळे कळत नाही. प्रसाधनांतल्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या जातीचे घटक हवेने जुने होताना स्वतःच थोडे फॉर्मल्डिहाइड तयार करतात. युरोपीय संघात रिलीजर असलेल्या उत्पादनावर ‘फॉर्मल्डिहाइड सोडते’ असे लिहिण्याची मर्यादा पूर्वी 500 पीपीएम होती; ती 2022 च्या नियमाने 10 पीपीएमवर आणली. जुनी मर्यादा अ‍ॅलर्जी असलेल्या माणसासाठी फारच वर होती, हे त्या 250 पीपीएमच्या आकड्यावरून लक्षात येईल. संशयित वस्तूत सुटे फॉर्मल्डिहाइड आहे का ते तपासायला क्रोमोट्रोपिक आम्लाची जुनी चाचणी आहे: बंद काचेच्या भांड्यात नमुना आणि सल्फ्युरिक आम्लातले क्रोमोट्रोपिक आम्ल शेजारी शेजारी ठेवतात, नमुन्यातून उडालेले फॉर्मल्डिहाइड आम्लात शिरून ते जांभळे होते. अंधारात दोन दिवस ठेवावे लागते. सोबत एक भांडे नुसत्या पाण्याचे आणि एक ठाऊक प्रमाणाच्या फॉर्मल्डिहाइडचे हवेच, नाहीतर फिकट जांभळ्याचा अर्थ लागत नाही. तीव्र आम्ल असल्याने हे काम दवाखान्याच्या टेबलावर करू नये, प्रयोगशाळेतच करावे. असिटिलअसिटोनची चाचणी यापेक्षा नेमकी, तिचा रंग पिवळा येतो.

रुग्णाची स्वतःची वस्तू तपासायची असेल तर लावून ठेवायच्या क्रीम-लोशनची टेस्ट आहे तशीच करता येते. शांपू, द्रव साबण अशा धुऊन टाकायच्या वस्तू 1 ते 5 टक्के पाण्यात पातळ करूनच. कारखान्यातला अनोळखी द्रव, ज्याची आम्लता आणि घटक ठाऊक नाहीत, तो झाकून लावू नये. कापडाचा 2 सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा ओला करून लावतात, पण तो कोरा आला म्हणून कापड निर्दोष ठरत नाही. घाम, घर्षण आणि दिवसभराचा स्पर्श त्या तुकड्यात नसतो.

वापरून पाहण्याची चाचणी मात्र मला फार उपयोगी वाटते, आणि ती कमी वापरली जाते. क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला किंवा हातावर 5 सेंटिमीटर चौकोनात, दिवसातून दोनदा, न झाकता, निदान 14 दिवस लावायची. लाली-पुळी उठली की थांबायचे. चार-पाच दिवसांनी काही नाही म्हणून सोडून देऊ नये, कारण कमी प्रमाणाची प्रतिक्रिया दुसऱ्या आठवड्यात उठते. त्याच वेळी दुसऱ्या हातावर तशीच, पण रिलीजर नसलेली क्रीम लावली तर तुलना सरळ होते.

निकाल सांगताना रुग्णाच्या हातात छापील कागद द्या. त्यावर रिलीजरची सहाही नावे लेबलवर जशी येतात तशी, आणि फॉर्मल्डिहाइडची इतर नावेही: फॉर्मॅलिन, मेथॅनल, मिथिलीन ग्लायकॉल, मिथिलीन ऑक्साइड. नवे कपडे घालण्याआधी धुतले की सुटे फॉर्मल्डिहाइड बरेच जाते. पण रेझिन घाम आणि ओलाव्याने पुढेही तुटत राहते, म्हणून तीव्र अ‍ॅलर्जीत सुरकुत्या न पडणारे कापडच टाळावे. जपानच्या 1973 च्या कायद्याने प्रौढांच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी 75 पीपीएमची मर्यादा घातली. अशी मर्यादा पाळलेले कपडे बहुतेकांना सोसतात. फॉर्मॅलिन हाताळणाऱ्यांना नायट्राइलचे हातमोजे सांगा, आणि शिंतोडा उडाला की लगेच बदलायलाही. पातळ, एकदाच वापरायचे मोजे तासन्‌तास अडवून धरत नाहीत. नैसर्गिक रबराचे मोजे या कामाला कमी पडतात.

आणि संरक्षक बदलताना एक खबरदारी. रिलीजर टाळायला सांगितलेले रुग्ण अनेकदा मिथिलआयसोथायझोलिनोन हे दुसरे संरक्षक असलेल्या वस्तूंकडे वळतात. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने त्याला 2013 मध्ये वर्षाचे अ‍ॅलर्जेन ठरवले, फॉर्मल्डिहाइडला 2015 मध्ये. तुमच्या मूळ मालिकेत तेही असायलाच हवे, म्हणजे एक दार बंद करून रुग्णाला दुसऱ्या दारातून त्याच त्रासात ढकलले जाणार नाही. सगळे पाळूनही सहा ते आठ आठवड्यांत हातांचे इसब हलले नाही, तर आधी हातमोज्यांतल्या रबराच्या घटकांची, मग वापरात असलेल्या स्टेरॉइड मलमाची आणि त्यातल्या संरक्षकाची पॅच टेस्ट करा. पहिल्या टेस्टला तीन आठवडे होईपर्यंत रुग्णाला पाठीकडे लक्ष ठेवायला सांगा: दहाव्या दिवसानंतर एखादी जागा पहिल्यांदाच उठली तर टेस्टनेच नवी अ‍ॅलर्जी जडवली असण्याची शक्यता असते. असे क्वचितच होते. पुन्हा लावलेल्या टेस्टला दोन ते चार दिवसांत प्रतिसाद आला की ते पक्के होते.